"चल ना बे, दहा मिनिटं!" : कॉलेजात अभ्यास आणि मैत्री दोन्ही सांभाळायची रीत

नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या गेटबाहेर दुपारी तीनला उभं राहा. प्रॅक्टिकल सुटलेलं असतं आणि गाडी स्टँडवरून काढता काढता कुणीतरी म्हणतं, "चल ना बे, दहा मिनिटं, चहा मारू." टपरीवरचा चहा पाच मिनिटांत संपतो. मग अजून कुणीतरी येणार असतं म्हणून थांबायचं. मग फुटाळा तलावावर जायचं की शंकरनगरला, यावर वाद. मग कळतं, एकाच्या गाडीत पेट्रोलच नाही. रूमवर पोचेपर्यंत साडेसात वाजतात. अभ्यास बुडाला हे तर झालंच, पण खरं विचाराल तर गप्पाही धड झालेल्या नसतात. निम्मी संध्याकाळ 'आता काय करायचं' हे ठरवण्यातच जाते.

मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे दृश्य रोज बघते. त्याआधी मी स्वतः त्या टपरीवरच होते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा पेपर राहिला, कारण त्या वर्षी मी कुणालाच 'नाही' म्हटलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी चूक सुधारायची म्हणून दुसरं टोक गाठलं. फोन बंद, कानात बोळे, अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री दहा. मार्क चांगले आले. पण प्रतापनगरच्या रूमवर ज्या मुलीसोबत मी दोन वर्षं एका कूलरखाली झोपले, तिच्या वडिलांची बायपास झाल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही मेसवाल्या काकूंकडून. "सांगितलं का नाहीस?" म्हणून मी चिडले, तर ती शांतपणे म्हणाली, "तू अभ्यासात होतीस ना."

पुढे लिहिलंय ते या दोन्ही वर्षांतून शिकले ते, आणि नंतर वर्गातल्या पोरापोरींना सांगून बघितलं, त्यातलं जे टिकलं ते.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं लिहायचं, सुधारायचं काही नाही

लगेच टाइमटेबल करायला बसू नका. भिंतीवर चिकटवलेलं रंगीत टाइमटेबल चौथ्या दिवशी कुणी बघत नाही, हे मी पैजेवर सांगते. आधी वहीच्या मागच्या पानावर सात दिवस नुसती नोंद करा. दर दोन-तीन तासांनी एक ओळ पुरे : कुठे होतो, काय केलं, कुणासोबत.

माझ्या एका विद्यार्थिनीचा हिशेब सांगते. ती लोकमान्यनगरकडून मेट्रोनं सीताबर्डीला येते. आठवड्याचे तास १६८. रोज साडेसात तास झोप धरली तर ५२.५ गेले. सहा दिवस सहा-सहा तास कॉलेज, ३६. येण्याजाण्याचा रोजचा दीड तास, म्हणजे ९. जेवणखाण, आंघोळ, कपडे, घरची कामं मिळून रोज अडीच तास, १७.५. बेरीज ११५. उरले ५३ तास. त्यातले २२ तास मन लावून अभ्यासाला दिले तर परीक्षेचे दिवस सोडून कुठल्याही साध्या पदवीला ते भरपूर आहेत. दहा तास मित्रांना दिले तरी २१ उरतात.

"मग मॅडम, मला वेळच कसा मिळत नाही?" असं तिनं विचारलं आणि आम्ही वही उघडली. मैत्रिणींसोबतचे तास मोजले तर सहासुद्धा भरले नाहीत. बाकी वेळ गेला होता झोपण्याआधी पलंगावर पडून मोबाइल बघण्यात, दोन लेक्चरच्या मधल्या मोकळ्या तासात, कुणाची तरी वाट बघण्यात आणि ग्रुपवर 'कुठे भेटायचं' याच्या चर्चेत. घरचे म्हणत होते, मैत्रिणींपायी अभ्यास होत नाही. बिचाऱ्या मैत्रिणींच्या नावावर उगाच खर्च पडला होता.

तुमची वही कदाचित वेगळं सांगेल. कुणाचे खरोखरच तीस तास टपरीवर जात असतील. पण ते आकड्यात दिसल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना हात लावू नका.

दुसरी पायरी : सेमिस्टर कुठे आवळतं ते आधीच बघून ठेवा

क्रेडिटच्या हिशेबानं थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. कागदावर सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं असतं. आता त्यावर नागपूरचं कॅलेंडर ठेवून बघा. पोळा, दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, पाठोपाठ गणपती, मग नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी आणि लगेच दिवाळीला गावी जायचं. नेमकं याच काळात इंटर्नल, सेमिनार आणि जर्नलच्या सह्या येतात, आणि 'चल ना' सुद्धा याच काळात सगळ्यात जास्त ऐकू येतं. सगळ्यांचं बिनसतं ते इथे.

म्हणून जुलैतच एका पानावर आठवडे आखा. इंटर्नलचे आणि सबमिशनचे आठवडे लाल. ज्या सणाला तुम्हाला मनापासून जायचंच आहे तो हिरवा. मारबतीची मिरवणूक मित्रांसोबत एकदा बघायचीच असेल तर जा, पण मग त्याच्या आधीचा रविवार अभ्यासाचा, हे त्याच दिवशी लिहून टाका. सगळेच सण हिरवे होत नाहीत. दोन किंवा तीन निवडा.

हिवाळी परीक्षेचं अजून एक नागपुरी प्रकरण आहे. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, आणि डिसेंबरमध्ये मोर्चांमुळे टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, सिव्हिल लाइन्सचा सगळा पट्टा तुंबतो. पेपर त्या दिवसांत आणि सेंटर त्या बाजूला असेल तर गाडी घरी ठेवा, मेट्रोनं जा. चार जण एकत्र निघालात तर उशिराची धडधडही वाटली जाते.

तिसरी पायरी : मित्र किती, आणि कोणते?

हे लिहायला जरा कसंतरी वाटतं, पण सगळ्यांना सारखा वेळ देता येत नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडलं की माणसाला साधारण १५० जणांशी टिकून राहणारं नातं ठेवता येतं. त्यातही अगदी आतलं वर्तुळ पाचेक जणांचंच असतं. आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण तुम्ही स्वतःशी मोजून बघा. रात्री दोनला फोन करू शकाल अशी नावं पाचाच्या पुढे क्वचितच जातील.

दुसरा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासानुसार ओळखीचं माणूस साधारण मित्र व्हायला ५० तासांच्या आसपास लागतात, मित्र म्हणावं अशा नात्याला ९०, आणि जिवलग व्हायला २००च्या वर. त्यातही एकत्र फुरसतीत घालवलेला वेळ जास्त कामाचा ठरतो, नुसतं शेजारी बसून काम उरकलेला तितका नाही. म्हणजे पहिल्या वर्षाला बाहेरगावाहून आलेल्या मुलाला 'इथे माझं कुणीच नाही' असं सप्टेंबरात वाटत असेल, तर त्याच्यात काही खोट नाही. तास भरलेले नाहीत, इतकंच. यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरहून आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ती दर शनिवारी एसटी पकडून घरी जातात आणि मग सोमवारी वर्गात पाहुण्यासारखी बसतात. पहिल्या सेमिस्टरला महिन्यातले दोन शनिवार-रविवार तरी नागपुरात काढा. आईला वाईट वाटेल. डबा मागवून घ्या, तिला बरं वाटेल.

तर, तीन-चार नावं मनाशी ठरवा. यांना आठवड्यात वेळ द्यायचा म्हणजे द्यायचाच. बाकीच्यांशी वर्गात, प्रॅक्टिकलला, मेट्रोत जे होईल ते. ही यादी कुणाला दाखवायची नसते, हे वेगळं सांगायला नको.

चौथी पायरी : एक भेट पक्की करा, मग बाकीच्या आपोआप कमी होतात

आम्ही चौघी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे शिकलो, तेही अपघातानंच. शनिवारी सकाळी आठला तर्री-पोहे. ठेला तोच, दिवस तोच, वेळ तीच. कुणी फोन करायचा नाही, 'येतेस ना?' विचारायचं नाही. जी आली ती आली. पोह्यांवर तर्री किती घ्यायची यावरून दर शनिवारी तेच भांडण, वर कच्चा कांदा, मग एक चक्कर अंबाझरी तलावापर्यंत. दहा वाजता आपापल्या रस्त्यानं.

दोन तासांच्या या भेटीनं काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. सोमवार ते शुक्रवार कुणी 'चल ना' म्हटलं की जीव तुटत नसे. शनिवार येणारच आहे हे माहीत असायचं. सांगायच्या गोष्टी साठवल्या जायच्या. ग्रुपवरची 'कुठे, कधी, कोण कोण' ही रामायणं थांबली.

भेट सकाळची ठेवली तर दिवस हातात राहतो. संध्याकाळची ठेवली तर तिला शेपूट फुटतं. उन्हाळ्यात तर नागपुरात दुपारी भेटायचा प्रश्नच नाही, पारा ४५च्या घरात गेला की माणूस कूलरसमोरून हलत नाही. तेव्हा रात्री जेवणानंतरची तासभराची चक्कर बरी, पण परत यायची वेळ निघतानाच मोठ्यानं सांगून टाका.

पाचवी पायरी : 'नाही'ला 'केव्हा' जोडा

नकार देणं अवघड जातं ते नकारामुळे नाही, नकार कसा दिला यामुळे. तीन वाक्यं ऐका.

"नाही यार, अभ्यास आहे." हे ऐकून समोरच्याला वाटतं, म्हणजे मी रिकामटेकडा.

"बघतो, सांगतो." हे सगळ्यात वाईट. तो तासभर वाट बघतो, तुम्ही तासभर पुस्तकासमोर बसून मोबाइल बघता, आणि शेवटी दोघांचाही वेळ जातो.

"आज नाही जमत बे, उद्या इंटर्नल आहे. शुक्रवारी पाचनंतर मोकळा आहे, तेव्हा पक्कं." यात कारण आहे, वार आहे, वेळ आहे. तिसरं वाक्य पाठ करून ठेवा. आणि मग शुक्रवारी पाचला खरंच जा. दोनदा शब्द पाळला की पुढच्या वेळी तुमचा 'नाही' कुणाला टोचत नाही. दोनदा मोडला तर मात्र कितीही गोड बोला, उपयोग नाही.

आग्रह करणारा एखादा असतोच : "मोठा कलेक्टर होणार आहे बाप्पा!" हसून सोडून द्या. उत्तर दिलंत की वीस मिनिटं गेली.

आता याची दुसरी बाजू. काही वेळा पुस्तक त्या क्षणी मिटायचं असतं. मित्राच्या घरी कुणी दवाखान्यात आहे, अपघात झालाय, घरून पैसे आलेले नाहीत आणि फीची तारीख उद्या आहे, किंवा नेहमी बडबड करणारी मैत्रीण चार दिवस मेसला आलेली नाही. यातलं काहीही असेल तर उद्याचा पेपर असला तरी निदान एक फोन आणि अर्धा तास. माझ्या रूम पार्टनरच्या वडिलांच्या वेळी मी गेले असते तर एकूण किती तास गेले असते? चार. मी ते नंतर मोजले.

सहावी पायरी : एकत्र अभ्यास, पण खरोखरचा

ग्रुप स्टडी म्हटलं की आई-वडील भुवया उंचावतात, आणि नव्वद टक्के वेळा त्यांचं बरोबरच असतं. पाच जण, एक पुस्तक, दोन प्लेट भजी. तरीही नीट केलं तर याच्याइतका फायद्याचा सौदा दुसरा नाही.

कारण साधं आहे. वाचलेलं विसरतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच उडतं. त्यावर उपाय पुन्हा वाचणं, असं आपल्याला वाटतं. पण २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नाही, तर पुस्तक बंद करून आठवायचा प्रयत्न करणाऱ्यांच्या. पुस्तक बंद करून आठवायला लावणारं माणूस म्हणजेच मित्र. त्याच्यासमोर फसवता येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यात दोघी बसल्या होत्या. एक एसएन-१ आणि एसएन-२ सांगत होती, म्हणजे कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याच्या दोन रीती (एसएन-२ मध्ये नवा गट मागून शिरतो). घडाघडा, पाठ केलेलं. दुसरीनं नुसतं विचारलं, "पण कार्बन तृतीयक असला, त्याला अजून तीन कार्बन चिकटलेले असले, की एसएन-२ का नाही होत?" पहिली थांबली. तिला उत्तर पाठ होतं, कारण माहीत नव्हतं. मग तिनं आपला पंजा समोर धरला, दुसऱ्या हाताच्या बोटानं मागून शिरायचा प्रयत्न केला आणि स्वतःच म्हणाली, "अरे, तीन बाजूंनी गर्दी आहे, मागून यायला जागाच नाही." आणि एसएन-१ मध्ये तोच गर्दीवाला कार्बन धन प्रभार सांभाळून घेतो म्हणून तिथे त्याचं चालतं, हे तिला पुढच्याच मिनिटाला सुचलं. मी बाजूनं जाता जाता ऐकलं आणि गप्प राहिले. माझ्या लेक्चरमध्ये तिला हे कळलं नव्हतं, हे जरा लागलंही.

तर रीत अशी. दोघं किंवा तिघं, चौथा आला की गप्पा सुरू होतात. जागा अभ्यासिका नको, तिथे बोलता येत नाही, फुटाळाही नको. कॉलेजचा रिकामा वर्ग, कुणाच्या घरची गच्ची, उन्हाळ्यात ज्याच्या रूमवर कूलर धड चालतो ती रूम. आधी पाऊण तास प्रत्येकानं आपापलं वाचायचं, मोबाइल एका पिशवीत. मग पुस्तकं बंद, पाळीपाळीनं एक जण कोऱ्या कागदावर सांगणार आणि बाकीचे 'का?' विचारणार, वीस-पंचवीस मिनिटं. मग दहा मिनिटं काय वाटेल ते बोला. असे दोन फेरे झाले की उठायचं. तिसऱ्या फेरीत काही होत नाही, आम्ही करून बघितलंय. व्हायवाच्या आदल्या दिवशी हीच पद्धत एक्स्टर्नलची नक्कल करत वापरा. हसून हसून पोट दुखतं आणि तयारीही होते.

गणित, अकाउंट्स असे हातानं सोडवायचे विषय मात्र आधी एकट्यानं. अडलेली गणितं तेवढी घेऊन भेटा.

सातवी पायरी : जर्नल, प्रॉक्सी, पैसे

थोडक्यात सांगते. नोट्स द्या, पण फोटो काढून. मूळ वही पेपरच्या आठवड्यात हातातून जाऊ देऊ नका. जर्नल उतरवायला देणं एकदा ठीक, दर वेळी तुमच्याच जर्नलवर कुणाचं सबमिशन होत असेल तर ती मैत्री तपासायला हवी. प्रॉक्सी मारू नका. सापडलात तर दोघांची हजेरी जाते, आणि बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट तोंडावर असते. कॉन्ट्री, म्हणजे खर्चाची वर्गणी, काढायची तर त्याच दिवशी. 'नंतर दे'चे चाळीस रुपये मैत्रीत खूप महाग पडतात. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कारणं सांगून टाळतो, हे ओळखून भेट फुकटच्या जागी ठेवा. अंबाझरीकडच्या रस्त्यानं चक्कर मारायला तिकीट लागत नाही.

आठवी पायरी : परीक्षेचे तीन आठवडे आणि निकालाचा दिवस

परीक्षा सुरू व्हायच्या आधी मित्रांना सरळ सांगा, अमुक तारखेपर्यंत मी कमी बोलणार, तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज नको. न सांगता गायब होणं आणि सांगून कमी होणं यात फार फरक आहे. शनिवारची भेट या काळातही पूर्ण बंद करू नका. दोन तासांची अर्ध्या तासावर आणा. रूमवर असाल तर कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं, दिवा कितीपर्यंत, गजर कुणाचा, हे आधीच ठरवा. परीक्षेतली निम्मी भांडणं पाण्याच्या बादलीवरून होतात, आणि ती पेपरला सोबत जातात.

पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं जुळवायची नाहीत. "तिसऱ्याचं उत्तर किती आलं?" या एका प्रश्नानं पुढचा पेपर बिघडलेले मी कित्येक बघितलेत. ग्रुपवरही हा नियम करा. मोडेल त्यानं पोहे द्यायचे.

कुणी फारच खचलेलं दिसलं, झोपत नाही, जेवत नाही, 'काही अर्थ नाही' म्हणतं, तर एकट्यानं समजावत बसू नका. घरच्यांना किंवा विश्वासातल्या एखाद्या शिक्षकांना कळवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि निकाल. तुम्ही पास झालात आणि मैत्रीण अडकली, असं एकदा तरी होतं. तेव्हा लोक दोन चुका करतात. एक तर लाजून तोंड चुकवतात, नाहीतर आपलेही मार्क कसे कमीच आले ते सांगत बसतात. दोन्ही नको. त्याच दिवशी तिच्याकडे जा. मार्कांचा विषय तिनं काढला तरच बोला. चहा प्या, तिला रडायचं तर रडू द्या. आणि निघण्याआधी तिच्या राहिलेल्या पेपरचा परीक्षा फॉर्म कधी निघतो, शेवटची तारीख कोणती, लेट फी कधीपासून लागते, एवढं बघून तुमच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. त्या आठवड्यात तिला ते बघायचं सुचणार नाही.